‘जेलसी’ आणि ‘एन्व्ही’: मराठीत दोन्हींना ‘मत्सर’च म्हणायचे का?

ओसरी (धागाकर्ती)

गेले तीन आठवडे मी एका परिचित लेखिकेच्या अप्रकाशित इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करीत आहे आणि त्यातल्या एका वाक्यापाशी पुरती अडले आहे. आईच्या निधनानंतर दोन बहिणी घर आवरायला एकत्र येतात. थोरली गाणारी, आणि लहानपणी आईची अधिक लाडकी. पियानोवरची धूळ पुसता पुसता धाकटी तिला म्हणते, “आय वॉज नेव्हर जेलस ऑफ यू. आय एन्व्हीड यू.” माझ्या हाताशी असलेल्या इंग्रजी-मराठी कोशांत या दोन्ही शब्दांपुढे पहिला अर्थ ‘मत्सर’ असाच दिला आहे. तो प्रमाण मानला, तर धाकटी म्हणते की, “मला तुझा मत्सर कधी वाटला नाही, मला तुझा मत्सर वाटला.” सगळी कथा ज्या वाक्यावर उभी आहे, ते वाक्यच असे निरर्थक होऊन बसते.

मला कळलेला फरक असा. ‘एन्व्ही’ला दोन माणसे पुरतात: एकाजवळ काहीतरी आहे, दुसऱ्याजवळ ते नाही, आणि त्या नसण्याचे दुसऱ्याला दुःख आहे. ‘जेलसी’ला बहुधा तीन माणसे लागतात: मी, माझे माणूस, आणि ते माणूस माझ्यापासून दूर नेईल अशी मला भीती वाटते तो तिसरा. पहिल्या भावनेत हवी असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात असते. दुसऱ्या भावनेत ती माझ्याच हातात असते, निदान मला तसे वाटत असते, आणि ती निसटण्याचे भय असते. धाकटीला म्हणायचे आहे ते हेच, की आईच्या प्रेमाची वाटणी होते आहे म्हणून ती कधी बहिणीवर जळली नाही, परंतु बहिणीचा गळा आपल्याला मिळाला नाही याची खंत तिला जन्मभर राहिली.

हा भेद मराठीत एकेका शब्दाने दाखवता येईल का, की त्यासाठी वाक्यच वेगळे बांधावे लागेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाळूघड्याळ

प्रश्न फार मोलाचा आहे. प्रथम दोन्ही शब्दांच्या मुळांकडे पाहू, कारण अनुवाद करताना मला त्यांचा नेहमी उपयोग झाला आहे.

दोन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे आले. ‘एन्व्ही’चे मूळ लॅटिनमधील ‘इन्विदिआ’, आणि त्याच्या पोटात ‘विदेरे’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. एखाद्याकडे वाकड्या नजरेने पाहणे, हा त्याचा मूळ भाव. म्हणजे ही डोळ्यांची भावना आहे. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्याच्या ‘पुर्गातोरिओ’ या दुसऱ्या खंडात, तेराव्या सर्गात, या पापाचे प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या दाखवल्या आहेत, कारण ज्या डोळ्यांना दुसऱ्याचे बरे पाहवले नाही, त्यांनाच ती शिक्षा. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्याचे चांगले आपल्या ‘डोळ्यांत खुपते’, भरल्या घराला ‘दृष्ट लागते’, आणि ती मीठमोहऱ्यांनी उतरवली जाते.

‘जेलसी’चे मूळ मात्र ग्रीक ‘झेलॉस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ आवेश, तळमळ, उत्कट ओढ. ‘झील’, म्हणजे उत्साह, हा इंग्रजी शब्दही त्याच मुळाचा, म्हणून ‘जेलस’ आणि ‘झेलस’ ही एका घरची भावंडे होत. एखादे राष्ट्र आपले स्वातंत्र्य ‘जेलसली’ राखते असे इंग्रजीत म्हणतात, तेव्हा त्यात दुसऱ्याविषयी पोटदुखी मुळीच नसते, आपले ते डोळ्यांत तेल घालून जपणे असते. फ्रेंचमध्ये तिरक्या पट्ट्यांच्या खिडकीलाही ‘झालुझी’ म्हणतात. आतल्याला बाहेरचे दिसावे, बाहेरच्याला आतले दिसू नये, अशी तिची रचना. जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत आपण जिला झिलमिली म्हणतो, तीच ही.

दोन्ही भावना एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’इतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचे पद आपल्याला न मिळता कॅसिओला मिळाले, हे इआगोचे शल्य आहे. शेवटच्या अंकात तर तो उघड बोलतो की, कॅसिओच्या रोजच्या जगण्यात असे काही सौंदर्य आहे की त्यामुळे आपण कुरूप ठरतो. ही निखळ ‘एन्व्ही’ होय. ऑथेल्लोला मात्र कोणाचे काही नको आहे. त्याची पत्नी डेस्डिमोना त्याचीच आहे, आणि ती आपली राहिली नाही या भयाने तो उद्ध्वस्त होतो. गंमत न म्हणता मर्म म्हणतो ते असे, की ‘जेलसी’ला हिरव्या डोळ्यांची राक्षसीण म्हणून तिच्यापासून सावध राहायला सांगणारा माणूस इआगोच आहे. स्वतः एका विकाराने पोखरलेला माणूस दुसऱ्याच्या मनात दुसरा विकार पेरतो. या दोन शब्दांची अदलाबदल केली, तर त्या नाटकाची घडणच हातून निसटते.

शेवंती

मला एक शंका आहे आणि ती मी मनापासून विचारते आहे. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी कोणी हिमालयात फिरून आले, कोणाला चांगली नोकरी लागली, की “मी किती जेलस झाले” असे म्हणतात. इंग्रजी मालिकांतही तसेच ऐकू येते. ‘एन्व्ही’ हा शब्द तर मराठी बोलण्यात कधी आलेलाच मी ऐकला नाही. मग ज्यांची ती भाषा आहे तेच दोन्ही अर्थांना ‘जेलस’ म्हणत असतील, तर आपण हा भेद एवढ्या निगुतीने का सांभाळावा?

दीपमाळ

शेवंतीताई, तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. मी समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या नित्याच्या वाचनातला आहे. रिचर्ड स्मिथ, सुंग ही किम आणि जेरॉड पॅरट या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बोलणारे लोक ‘जेलसी’ हा शब्द दोन्ही प्रसंगांना लावतात, ‘एन्व्ही’ मात्र बहुतेक आपल्या एकाच अर्थाला धरून राहते. म्हणजे गोंधळ एकतर्फी आहे: मोठा शब्द लहान शब्दाच्या अंगणात शिरतो, लहान शब्द मोठ्याच्या अंगणात जात नाही.

तथापि शब्द मिसळले म्हणून अनुभव मिसळत नाहीत. पॅरट आणि स्मिथ यांनी १९९३ साली याच अनुभवांची तुलना केली, तेव्हा ‘एन्व्ही’च्या बाजूला कमीपणाची जाणीव, आस, मनातली अढी आणि आपल्याला असे वाटावे याचीच लाज ही लक्षणे निघाली, तर ‘जेलसी’च्या बाजूला गमावण्याची भीती, अविश्वास, अस्वस्थता आणि राग. माझ्यासमोर बसलेली व्यक्ती “मला तिचा मत्सर वाटतो” असे म्हणते, तेव्हा मला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, कारण एकीला स्वतःच्या उणेपणाविषयी बोलायचे असते आणि दुसरीला नात्यातल्या विश्वासाविषयी. दोघींना एकच उत्तर दिले, तर एकीचे तरी नुकसान होते. म्हणून हा भेद सांभाळण्याला केवळ पंडिती हौस म्हणता येणार नाही.

आणखी एक बारकावा आहे. ‘जेलसी’मागे बहुधा ‘एन्व्ही’ही दडलेली असते. आपले माणूस ज्याच्याकडे ओढले जात आहे, त्याच्याजवळ आपल्यात नसलेले काहीतरी असले पाहिजे, असे वाटल्याशिवाय ते भय सहसा पुरे होत नाही. उलट दिशेने मात्र असे होईलच असे नाही. शेजारणीच्या बागेविषयी वाटणाऱ्या ‘एन्व्ही’त तिसरे माणूस कोठेच नसते.

उंबरठा

मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. इंग्रजीचे जाणकार वर बोललेच आहेत. मी आपल्या घरातल्या चीजवस्तूंविषयी बोलतो, कारण मला असे दिसते की हा भेद आपल्याकडे पूर्वीच झालेला होता, पुढे तो आपल्या हातून पुसट झाला.

अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, ‘ईर्ष्या’ आणि ‘असूया’ हे शब्द शेजारी शेजारी ठेवून वेगळे केले आहेत. ईर्ष्या म्हणजे अक्षान्ती, सहन न होणे. असूया म्हणजे गुणांच्याही ठिकाणी दोषांचा आरोप करणे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांमध्ये असूया आहे, आणि ती दुसऱ्याचे ऐश्वर्य, विद्या, सौभाग्य पाहून उपजते. काव्यशास्त्रात विप्रलंभ, म्हणजे विरहातल्या, शृंगाराचा विचार करताना रुसव्याचे, म्हणजे ‘माना’चे, दोन प्रकार सांगतात: प्रणयमान आणि ईर्ष्यामान. यांपैकी ईर्ष्यामान प्रियकराचे मन दुसरीवर गेल्याचे नायिकेने पाहिले, ऐकले किंवा तर्काने ताडले, म्हणजे होतो. अष्टनायिकांपैकी ‘खंडिता’ ती हीच. म्हणजे तीन माणसांच्या प्रसंगाला शास्त्राने ईर्ष्या म्हटले आणि दोन माणसांच्या प्रसंगाला असूया. एका बाजूला ‘जेलसी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एन्व्ही’ ठेवून पाहा, किती नीट बसतात.

कथांतही तसेच आहे. राजसूय यज्ञानंतर इंद्रप्रस्थाहून परतलेला दुर्योधन पांडवांचे वैभव आठवून झुरतो, फिका पडतो. धृतराष्ट्र त्याला समजावतो की तुला काय कमी आहे, आणि खरोखरच त्याला काही कमी नसते. आपल्याजवळ नाही यापेक्षा त्यांच्याजवळ आहे हे त्याला जाळते. याच्या उलट आपल्या पंढरपूरची कथा पाहा. द्वारकेत राधेला कृष्णाजवळ पाहून रुसलेली रुक्मिणी दिंडीरवनात निघून आली आणि तिचा शोध घेत देव येथवर आला, अशी श्रद्धा आहे. आजही रखुमाईचे देऊळ विठ्ठलाच्या देवळाच्या आवारात वेगळे आहे. रुक्मिणीला राधेचे काही घ्यायचे नव्हते. जे तिचे होते त्यात दुसऱ्या कोणाचा शिरकाव तिला सोसला नाही. दुर्योधनाला आणि रुक्मिणीला ‘मत्सर’ या एकाच शब्दाने बांधायला माझे मन कधीही धजणार नाही.

तेव्हा ओसरीताईंनी ‘जेलसी’साठी ‘ईर्ष्या’ आणि ‘एन्व्ही’साठी ‘असूया’ वापरावी, असे मी सुचवतो.

रानवाट

गुरुजींचे विवेचन वाचून फार समाधान वाटले, पण ‘ईर्ष्या’ वापरण्यात एक अडचण आहे. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे ‘ईर्षा’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. गावच्या निवडणुकीत ‘ईर्षेने मतदान झाले’ असे वर्तमानपत्रांत छापून येते. बैलगाडीच्या शर्यतीत, कुस्तीच्या फडात, दहावीच्या अभ्यासातसुद्धा माणूस ‘ईर्षेला पेटतो’. त्यात चुरस आहे, जिद्द आहे, दुसऱ्याच्या पुढे जाण्याचा आवेश आहे. नवराबायकोतला संशय त्यात मुळीच नाही. धाकटी बहीण म्हणाली की, “मला तुझी ईर्षा कधी वाटली नाही,” तर आमच्याकडचा वाचक असे समजेल की तिने थोरलीशी कधी स्पर्धा केली नाही. ते खरेही असेल, पण मूळ वाक्य ते नाही.

ओसरी (धागाकर्ती)

रानवाट यांचा प्रतिसाद वाचला आणि मी बराच वेळ थांबून राहिले. वाळूघड्याळ यांनी वर सांगितले की ग्रीक ‘झेलॉस’ या एकाच शब्दातून इंग्रजीत आवेशही निघाला आणि ‘जेलसी’ही निघाली. आपल्याकडे हुबेहूब तसेच घडलेले दिसते. संस्कृतातली खंडितेची ईर्ष्या पश्चिम महाराष्ट्राच्या बोलण्यात चुरशीची, जिद्दीची ईर्षा झाली. म्हणजे दुसऱ्याशी तुलना करताना उसळणारी आग एकच. ती राखायला धावते तेव्हा तिला एक नाव मिळते, आणि पुढे जायला धावते तेव्हा दुसरे.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात ‘फ्थॉनॉस’ आणि ‘झेलॉस’ यांत हाच फरक केला आहे. आपल्या बरोबरीच्या माणसाजवळ काही चांगले आहे याचे दुःख दोन्हींत आहे. परंतु ‘फ्थॉनॉस’ला ते त्याच्याजवळ नसावे असे वाटते, तर ‘झेलॉस’ला ते आपल्याजवळही असावे असे वाटते आणि तो माणसाला कामाला लावतो. कुंभार कुंभाराचाच द्वेष करतो, हे जुने ग्रीक वचन त्याने तेथे आठवले आहे. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणून जे आहे, त्याचे मूळही बरोबरीतच आहे. राजाचा हेवा कोणी करीत नाही, चुलतभावाचा करतो.

बायबलच्या मराठी भाषांतराची आठवणही याच ओघात झाली. दहा आज्ञांमध्ये देव स्वतःला ‘जेलस’ म्हणवतो, आणि मराठीत तेथे ‘ईर्ष्यावान देव’ असे शब्द आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात मात्र ‘प्रीती हेवा करीत नाही’ असे आले आहे, आणि तेथील मूळ ग्रीक क्रियापद त्याच ‘झेलॉस’च्या कुळातले आहे. भाषांतरकारांनी प्रसंग पाहून शब्द निवडला, मुळाकडे पाहून नव्हे. मला वाटते, माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

‘असूया’ मात्र मला धाकटीच्या तोंडी घालवत नाही. गुरुजींनीच सांगितलेल्या व्याख्येप्रमाणे असूया गुणांत दोष पाहते, म्हणून तर अत्रिपत्नीचे अनसूया हे नाव एवढे मोठे. धाकटी बहिणीच्या गाण्यात दोष काढीत नाही. ते गाणे सुंदर आहे, याच गोष्टीचे तिला दुःख आहे.

शेवंती

मग ‘हेवा’ का नको? “तुझा मला हेवा वाटतो” असे आपण प्रेमाच्या माणसालाही सहज म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. “तुझा मत्सर वाटतो” असे मात्र तोंडावर कोणी म्हणत नाही.

दीपमाळ

अगदी योग्य. डच भाषेत या दोन छटांना दोन वेगळे शब्द आहेत. नील्स फान दे फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच आधाराने ‘एन्व्ही’चे दोन प्रकार मांडले: एकात स्वतः वर चढण्याची ओढ, दुसऱ्यात वरच्याला खाली खेचण्याची. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द वापरावा लागतो. मराठीत पहिल्याला हेवा आणि दुसऱ्याला असूया असे म्हणता येईल. येथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

उंबरठा

‘असूये’विषयीचा आक्षेप मला मान्य आहे. ‘हेव्या’विषयी एवढेच लक्षात असू द्यावे की, ‘हेवेदावे’ या जोडशब्दात तो पुरता आंबट झालेला आहे. एकवचनी आणि एकटा असेल, तोवरच तो गोड राहतो.

वाळूघड्याळ

राहिला ‘जेलसी’चा प्रश्न. मराठी रंगभूमीने तो कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ हे रूपांतर केले, आणि नवराबायकोच्या परस्परांवरील अविश्वासाची सुखात्मिका मराठीत आणताना तिचे नाव ‘संशयकल्लोळ’ ठेवले. ‘मत्सरकल्लोळ’ म्हटले असते, तर ते नाटक कशाविषयी आहे हे प्रेक्षकाला कळले नसते. पतिपत्नींतल्या ‘जेलसी’ला मराठीत संशय म्हणतात, सवतींमधल्या ‘जेलसी’ला सवतीमत्सर म्हणतात, आणि नवे बाळ आल्यावर मोठे मूल हट्टी होते, तेव्हा आजी म्हणते की ‘त्याला वाटेकरी आला’. नाते बदलले की शब्द बदलतो. इंग्रजीने या सर्वांवर एक छत्र धरले आहे. आपण ज्याच्या त्याच्या डोक्यावर वेगळे छप्पर घातले आहे. म्हणून एकच प्रतिशब्द शोधण्याचा आग्रह सोडावा आणि नाते कोणते ते पाहून लिहावे, असे माझे मत आहे.

‘वाटेकरी’ हा शब्द तुमच्या कथेत नेमका बसेल असे वाटते, कारण तेथील तिसरे माणूस आई आहे.

ओसरी (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री वाक्य पुन्हा लिहिले. ते मुळाहून थोडे लांब झाले आहे, पण त्यातली दोन दुःखे आता एकमेकांत मिसळत नाहीत:

“आईच्या मायेत तू वाटेकरी आहेस म्हणून मी तुझ्यावर कधी जळले नाही गं. हेवा वाटला तो तुझ्या गळ्याचा.”

रानवाट

‘वाटेकरी आहेस’ऐवजी ‘वाटेकरी होतीस’ करावे, असे सुचवतो. आई आता नाही.

ओसरी (धागाकर्ती)

केले.